टाक्यात सोडलेले पाय

डोंगर चढून दमलेल्या माणसाने कुठे बसावं, याचा कायदा नाही. तो आजच्या आज व्हावा, असं माझं संतापलेलं मत आहे.

दोन तास रानातून धापा टाकत आम्ही कातळात कोरलेल्या टाक्यापाशी पोचलो. चार पायऱ्या खाली जेमतेम हातभर पाणी होतं. आमच्यातलाच, पुढे पोचलेला एक तरणाबांड गडी बूट काढून त्यात खुशाल पाय हलवत बसला होता. चेहरा असा, की टाकं जणू त्याच्या तळव्यांसाठीच खोदलं असावं!

मी घसा खाकरला, नाटकातल्या राजासारखा हात उगारला. तेवढ्यात डोक्यावर हंडा घेतलेली, खालच्या पाड्यावरची एक बाई अनवाणी वर आली. ज्या चढणीचे फोटो काढून आम्ही मिरवत होतो, तीच पाड्यावरची विहीर आटल्यापासून तिची रोजची पाण्याची वाट होती. आमची हौस आणि तिची तहान एकाच पायवाटेने चढतात, आणि हौसेला मागे वळून बघायचीही सवय नसते.

त्या गड्याने तिलाच विचारलं, “मावशी, इथे प्यायचं पाणी कुठे मिळेल?”

“पाय काढा भाऊ. त्येच हाय.”

त्याने पाय काढले. पाणी चहासारखं गढूळ झालं होतं. ती हंडा टेकवून शांतपणे पायरीवर बसली. माझा हात अजून हवेतच होता.

“अहो, रागवा की त्याला!” मी ओरडलो.

“आज येकट्याचंच पाय हायेत,” ती म्हणाली. “अर्ध्या तासात गाळ बसंल. रविवारी गाळ बसायला सांज व्हते.”