जुन्या रेकॉर्डची दुसरी बाजू

सुरतेच्या नानपुऱ्यातल्या त्या शेठला मी माफ केलेलं नाही आणि करायचं मनातही नाही. तो कापडाचा दलाल. मी कडोदऱ्याला एका कारखान्यात लूम दुरुस्त करायचो आणि कोसाडच्या कॉलनीत राहायचो. खानदेशातून आलेला माणूस सुरतेत ‘भाऊ’ असतो. शेठही मला भाऊच म्हणायचा, पण हमालाला हाक मारावी तसा. आमची ओळख झाली ती अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या सोल गाण्यांमुळे.

लोकांना हे खरं वाटत नाही. पण अलंगला मोडायला आलेल्या जहाजांतलं सामान तेव्हा रविवारच्या बाजारात विकायला यायचं. खुर्च्या, गाद्या, जाड काचेचे पेले आणि कधीकधी खलाशांच्या रेकॉर्डी. तिथेच मला एक छोटी रेकॉर्ड मिळाली. ती वाजवायचा प्लेअरही जहाजातलाच, मी दुरुस्त केलेला. रेकॉर्डवर एक बाई गात होती. इंग्रजी मला जेमतेम कळायचं, पण घराबाहेर काढलेली बाई दारात उभी राहून जाब विचारते तसा तो आवाज होता. ती रडत नव्हती. माझ्या मनात ती पन्नाशीची, जाडजूड, कामाने थकलेली बाई होती.

शेठ त्याच बाजारात रेकॉर्डी शोधायचा. त्याच्याकडे असल्या गाण्यांचं कपाट भरलेलं होतं. रविवारी दुपारी त्याच्या घरी आम्ही तिघं जमायचो. तो, मी आणि एक निवृत्त प्रोफेसर. शेठचा थोरला भाऊ इंग्लंडला, लेस्टरला दुकान चालवायचा. त्याच्याकडून कळलं की माझी रेकॉर्ड काढणारी छोटी कंपनी कधीच बंद पडली आणि तिकडचे शौकीनसुद्धा ही रेकॉर्ड शोधत फिरतात. तेव्हापासून शेठ माझ्या मागे लागला. बदल्यात कपाटातलं हवं ते ने, म्हणाला. मी दिली नाही. त्या घरात चपला काढायच्या जागेपासून गादीपर्यंत मला त्या रेकॉर्डनेच पोचवलं होतं. ती पिशवीतून निघाली की शेठ स्वतः उठून पंखा बंद करायचा, आणि मला ते आवडायचं.

मग एका रविवारी गेलो तर शेठ दारातच उभा होता.

“जो भाऊ, आवी गई तारी बाई,” तो म्हणाला. बघ, आली तुझी बाई.

लेस्टरच्या भावाने नवी रेकॉर्ड आणली होती. माझंच गाणं, तिकडच्या कोणा कंपनीने नव्याने छापलेलं. जाड, चकचकीत, ताटाएवढी तबकडी, सोबत आणखी दहा-बारा गायकांची गाणी. वेष्टणावर त्या बाईचा फोटो होता. वीस वर्षांची असेल नसेल, बारीक अंगाची, मोठे झुमके घातलेली पोर. ते मला बघायचं नव्हतं, पण शेठने फोटो डोळ्यांसमोर धरला.

त्याने गाणं लावलं. ना खरखर, ना कुठे सुई अडकली. आवाज धुऊन इस्त्री केल्यासारखा होता. ती श्वास घ्यायची ते माझ्या रेकॉर्डवर ऐकू यायचं, इथे तेही पुसलं गेलं होतं. मी तसं म्हणालो.

“श्वास ऐकायचाय तर बायकोजवळ बस,” शेठ म्हणाला. “आता तुझी ती तवी सांभाळ. मला नको. कोणालाच नको.”

प्रोफेसर हसले. माझ्यासमोर कधी हसत नसत, त्या दिवशी हसले. मी पिशवी उचलली आणि निघालो. पंखा चालूच होता.

पुन्हा तिकडे गेलो नाही. कारखान्यात काम करताना त्याचं ते वाक्य आठवायचं आणि हातातला पाना घट्ट आवळला जायचा. त्याने नुसती रेकॉर्ड मिळवली असती तर एवढं लागलं नसतं. ती माझ्याकडे असणं हेच फुकट गेलं, हे त्याने मला प्रोफेसरांच्या देखत सांगितलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात शेठ कोसाडला आला. आमच्या कॉलनीत त्याने कधी पाय ठेवला नव्हता. जिने चढून धापा टाकत खुर्चीवर बसला. बायकोने चहा ठेवला.

“भाऊ, काम आहे,” तो म्हणाला. “ती कंपनी दुसरी रेकॉर्ड काढतेय. तुझ्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं गाणं त्यांना पाहिजे. मूळ टेप हरवलीय. चांगली रेकॉर्ड कोणाकडे सापडत नाही. माझा भाऊ घेऊन जाईल, नक्कल झाली की परत आणेल.”

“ती तवी?” मी विचारलं.

“जाऊ दे ना ते. लोक ऐकतील. बाईचं नाव होईल.”

“त्या बाईला विचारलंय कोणी?”

“ती जिवंत आहे की नाही, कोणाला ठाऊक?”

“मग नाव कोणाचं होणार, शेठ? तुमचं.”

आतून बायको म्हणाली, “दी टाका ना. आपलं काय जास?”

मी तिच्याकडे पाहिलं नाही. “नाही देणार,” एवढंच म्हणालो. शेठने आवाज मऊ केला, मग चढवला, मग माझ्या जातीवर आला. मी दार उघडून धरलं. चहा तसाच टाकून तो उतरला.

बायको दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिचं म्हणणं, गाणं काही दिल्याने संपत नाही. खरं असेल. पण मागणारा तो होता.

ते गाणं पुढे छापलं गेलं की नाही, मला माहीत नाही. वर्षभराने कपडा मार्केटच्या जिन्यात शेठ भेटला. सोबत कोणी व्यापारी होता. माझ्याकडे बोट दाखवून शेठ त्याला म्हणाला, “हा बघा, एका बाईचं गाणं घरात कोंडून बसलाय.”

“हो,” मी म्हणालो, आणि त्यांच्यामधून वाट काढत वर गेलो.