ताई रोज पिशवी भरते

ताईच्या काळजीनं जीव थाऱ्यावर नाही. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवून घर बांधणारी माझी थोरली बहीण आता विसराळू झाली आहे. आठ दिवस हवापालट म्हणून माझ्या मुलानं मावशीला परराज्यात स्वतःकडे नेलं, ते नेलंच.

"आता आणून सोड तिला," मी आज फोनवर म्हटलं.

तो हसला. "सहा महिने भरू दे, आई. मग ती इथली रहिवासी. इथलं कोर्ट मलाच पालक नेमेल, की विकलं तिचं घर."

"आणि ती?"

"रोज सांगतो, उद्या निघू. रोज पिशवी भरून बसते वेडी!"

नऊ दिवस उरलेत. त्याआधी आमच्या कोर्टात अर्ज गेला, तर निकाल इथंच होईल. पोटचा मुलगा तुटेल, तुटू दे. सकाळी उठल्याउठल्या वकीलबाईंना फोन करणार आहे.