पांढरी साखर जीभ सैल करते

बायछ्याओच्या बाजारात लाओ म्याओइतका गंभीर चेहऱ्याचा मिठाईवाला दुसरा नव्हता आणि त्याच्याइतका थापाड्याही नव्हता. कालव्याच्या पुलाशी त्याची हातगाडी उभी असायची. एका बाजूला पांढऱ्या साखरेच्या वड्या, दुसऱ्या बाजूला जवाचे गोळे. मोड आलेल्या जवाचा रस आटवून, ओढून ओढून केलेले हे गोळे दाताला चिकटले की सुटायचं नाव घेत नसत. गिऱ्हाइकाचं काय घेऊ नि काय नको चाललेलं असताना लाओ म्याओ त्याच्या ज्ञानात भर घालायचा.

"साखर जन्मतः काळीच असते. कारखान्यात तिला सांगतात, तुला उकळत्या चहात टाकणार आहेत. ते ऐकून ती पांढरीफटक पडते."

किंवा मग मुंग्यांचं. "मुंगी साखर खात नाही हो मावशी. वजन तपासायला नेते. जिथे मुंग्या जास्त, तिथला तराजू बघून घ्या."

"मग तुझ्या गाडीवर इतक्या कशा रे?" धान्यवाली सुन मावशी विचारायची.

"त्या आमच्या नात्यातल्या. सहज भेटायला आल्यात."

लोक हसत. तो कधीच हसला नाही. सगळ्यांना वाटायचं, धंद्यासाठी बडबडतो. खरं तर प्रत्येक थाप आधी घरी बायकोला ऐकवून मगच बाजारात यायची. य्वेलान विहिरीजवळच्या बर्फावर घसरून पडली आणि तेव्हापासून आतल्या खोलीत, खालून विस्तवाची ऊब दिलेल्या विटांच्या ओट्यावर पडून होती. थाप आवडली तर ती "चालेल" म्हणायची, नाहीतर "जुनी आहे". तिच्या त्या एका शब्दासाठी हा माणूस दिवसभर डोकं खाजवायचा. गाडी ही नुसती सबब होती, असं मला तरी वाटतं.

त्या हिवाळ्यात तिचं दुखणं फार वाढलं. पाठीला जखमा झाल्या. कूस बदलताना ती गोधडीचं टोक दातांत धरायची. डॉक्टर आले, औषध ठेवून गेले, आणि जे विचारायचं होतं ते लाओ म्याओने विचारलं नाही. त्याने नवी थाप मात्र आणली.

"जवाचा गोळा जीभ धरून ठेवतो, पांढरी साखर जीभ सैल करते. म्हणून घरातलं गुपित सांभाळायचं असेल, तर नव्या सुनेच्या चहात साखर घालू नये."

"चालेल," य्वेलान म्हणाली.

मग वर्षातल्या शेवटच्या महिन्याची तेविसावी तिथी आली. त्या संध्याकाळी गावातल्या घरोघरी चुलीवरच्या भिंतीला चिकटवलेल्या कागदी देवाच्या ओठांना जवाचा गोळा फासतात आणि कागद जाळून देवाला वर स्वर्गात धाडतात. तो वर जाऊन घरातलं सगळं सांगतो. तोंड चिकटलं, की वाईट सांगायची सोय उरत नाही. लाओ म्याओची गाडी दुपारीच रिकामी झाली. घरच्यासाठी राखलेला गोळा घेऊन तो आत आला.

"म्हाताऱ्या," य्वेलान म्हणाली, "यंदा त्याला पांढरी साखर लाव."

"का? सुन मावशीच्या भानगडी पोचवायच्यात वर?"

"माझं पोचू दे. इथे एक बाई पडून आहे, तिला न्यायचं राहिलंय, म्हणून सांगू दे. तू दरसाल त्याचं तोंड बंद करतोस. वर कळणार कसं?"

लाओ म्याओ ओट्याखालचे निखारे उगाच ढवळत बसला. "ती थाप आहे. मीच केलेली. तूच चालेल म्हणालीस."

"माहीत आहे मला. तरी लाव."

"असल्याने काही होत नसतं."

"मग लावायला तुझं काय जातं?"

तो चुलीच्या खोलीत गेला. वडी चुरली, ओलं बोट साखरेत बुडवलं आणि देवाच्या ओठांपर्यंत नेलं. या देवावर त्याचा कधी विश्वास नव्हता, आपल्या थापांवर तर नव्हताच. पण बोट पुढे जाईना. ती म्हणते ते बरोबर आहे, तिला असं धरून ठेवणं हा दुष्टपणा आहे, हे त्याला स्वच्छ कळत होतं. तिच्याशिवायचं घर मात्र त्याच्याने डोळ्यांसमोर आणवेना. त्याने बोटावरची साखर पुसून टाकली. गोळा निखाऱ्यावर मऊ केला आणि देवाच्या ओठांना फासला, मिशांना फासला, नाकापासून हनुवटीपर्यंत लिंपून टाकला. मग कागद पेटवला आणि राख होईपर्यंत तिथेच उभा राहिला.

"लावलीस?" तो आत येताच तिने विचारलं.

"लावली."

"पांढरी?"

"पांढरीच. आता घडाघडा बोलत असेल." चेहरा बाजारात असायचा तसाच होता.

य्वेलानने हात पुढे केला. त्याने सवयीने तो धरला आणि त्याची बोटं तिच्या तळव्याला घट्ट चिकटली. तिने हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. लाओ म्याओने मान खाली घातली. तिने हात सोडवून घेतला नाही.

"म्हणजे अजून एक वर्ष," ती म्हणाली. "बरं. आता मला त्या कुशीवर वळव."

त्याने तिला जमेल तितक्या हलक्या हाताने वळवलं. तरी तिने दातांत दाबलेलं कण्हणं त्याला ऐकू आलं.