न खुरपायचा वाफा

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी कुठेच धड बसत नव्हते. खोलीत बसले की प्रयोगाच्या प्लॉटवर काय चाललं असेल याचा घोर, आणि प्लॉटवर गेले की पोरं ताटकळली असतील याचा. पोरं म्हणजे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची चौदा जणं. कृषी विद्यापीठात नव्या मुलांचे अभ्यासगट केले होते आणि एकेका गटाला आमच्यातलं एकेक जण जोडून दिलं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी त्यांना घेऊन बसायचं, अडलेलं समजावायचं, कोण मागे पडतंय, कोण घरी परत जायचं म्हणतंय यावर लक्ष ठेवायचं. या कामासाठी मला कुणी निवडलं देव जाणे. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागली की माझं डोकं फिरतं.

तरी पोरांनी मला सांभाळून घेतलं. जिंतूरकडची एक मुलगी तर पहिल्याच आठवड्यात बाकीच्यांना सांगत होती, की ताई चिडल्या की मुकाट्याने पुस्तकात बघायचं, थोड्या वेळात उतरतं. तिचे आईवडील दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायचे आणि घरात बारावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच होती. वर्गात इंग्रजीतून शिकवलेलं तिला निम्मं कळायचं, पण उरलेलं विचारायला ती कधी लाजली नाही.

माझा प्रयोग सोयाबीनमधल्या गवताचा होता. एकूण चोवीस वाफे. कुठे औषध फवारायचं, कुठे खुरपायचं, कुठे दोन्ही. आणि तीन वाफे असे, की त्यातल्या गवताला पेरणीपासून काढणीपर्यंत हातच लावायचा नाही. ते माजू द्यायचं, म्हणजे गवताने पिकाचं किती खाल्लं हे बाकीच्या वाफ्यांशी ताडून बघता येतं. खुरपायला येणाऱ्या बायांना मी हे दहा वेळा बजावलं होतं. गटातल्या पोरांना मात्र सांगितलं नव्हतं. त्यांच्यासमोर मी नुसतं 'माझा प्लॉट, माझा प्लॉट' करत राहिले.

सोयाबीन फुलात आलं आणि मला ताप भरला. मी सेलूला घरी गेले, पण पडल्या पडल्याही जीव थाऱ्यावर नव्हता. चौथ्या दिवशी, रविवारी दुपारी, मोबाइलवर गटाचा फोटो आला. चिखलाने भरलेले हात, हसरी तोंडं, मागे काळीभोर स्वच्छ जमीन आणि तीत सोयाबीनच्या ओळी. खाली लिहिलं होतं, 'ताई टेन्शन घेऊ नका. एक वाफा लयच गवतात गेलता. चकाचक करून टाकला.'

फोटोच्या कोपऱ्यात वाफ्याची पाटी दिसत होती. ती मोठी करून वाचली आणि माझा ताप उतरला की चढला ते कळलं नाही. आई नको नको म्हणत असताना मी स्टेशन गाठलं. गाडीत जागा होती, तरी परभणीपर्यंत दारापाशी उभीच राहिले.

वाफा खरंच सुरेख खुरपला होता. लव्हाळा गाठींसकट काढला होता. बांधावर गवताचा ढीग उन्हाने मलूल पडला होता. मला त्यात माझं वर्ष दिसायला लागलं. वाफा गेला म्हणजे आकडे गेले, आकडे गेले म्हणजे पुढच्या खरिपापर्यंत थांबा आणि पुन्हा पेरा. पोरं शाबासकी घ्यायला पळत आली होती. मी त्यांना काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तेवढ्यात ती जिंतूरकडची मुलगी पुढे झाली.

"मीच म्हणले समद्यायला," ती म्हणाली. "तुमाला बरं न्हाई, अन् एवढं गवत. माझ्यानं बघवलं न्हाई."

यावर मी जे बोलले ते मात्र शब्दन्‌शब्द आठवतं.

"खुरपायचंच होतं तर इथं कशाला आलीस?"

तिने खुरपं बांधावर ठेवलं, हात ओढणीला पुसले आणि ती निघून गेली.

सोमवारी मी गाईड सरांपुढे उभी राहिले. काय झालं ते सांगितलं. असले बाकीचे दोन वाफे शाबूत आहेत ना, एवढंच त्यांनी विचारलं. मग म्हणाले, एखादा वाफा हातचा गेला तर त्याचा आकडा बाकीच्यांवरून काढता येतो, त्याचं सूत्र आहे, फक्त प्रबंधात तसं स्पष्ट लिहायचं. दहा मिनिटांत माझं वर्ष वाचलं. मला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

मंगळवारी गटात तेराच जणं आली. तिच्या खोलीतल्या मुलीने सांगितलं, ती बॅग भरून गावाकडे गेली, आता येणार नाही म्हणाली. कोण घरी जायचं म्हणतंय यावर लक्ष ठेवायला मला नेमलं होतं, आणि मीच एकीला घरी धाडलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. शुक्रवारपर्यंत फोन लावत राहिले, तिने उचलला नाही.

शनिवारी जिंतूरची एसटी धरली, पुढे जीप. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होते, एकही धड जुळत नव्हतं. घराला कुलूप होतं. शेजारणीने रान दाखवलं. कपाशीत बाया ओळीने खुरपत होत्या आणि त्या ओळीत ती होती. तिच्या आईने मला आधी पाहिलं. मी कोण ते कळताच ती उठली आणि तिने हात जोडले.

"मॅडम, पोरीचं लय चुकलं म्हणं. पण त्ये आमीच शिकवलंय तिला. गवत दिसलं की हात थांबू द्यायचा न्हाई."

मी बोलणी खायच्या तयारीने गेले होते आणि ही बाई माझी माफी मागत होती. मी म्हणाले, चूक तिची नाही, माझीच आहे. मग तिथेच सरीत बसून ते तीन वाफे कशासाठी सोडले होते ते सांगितलं. आईने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, गवत किती खातं हे मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं. बाया हसल्या. मुलगी हसली नाही. खाली बघत तिचं खुरपणं चालूच होतं.

"समदं शिकवलं तुमी आमाला," ती म्हणाली. "तुमचं काम काय हाय, त्ये तेवढं न्हाई सांगितलं. आमाला कळलं नसतं का?"

मला खरंच तसं वाटलं होतं, की यांना काय कळणार. आणि हे तिला माझ्या तोंडावरून कळलं. मी एवढंच म्हणाले, परत चल, सगळं सांगते.

तिने हातातली पात, म्हणजे तिच्या वाट्याची ओळ, संपवली, खुरपं आईकडे दिलं आणि घरी जाऊन बॅग घेऊन आली. एसटीत ती माझ्या पुढच्या बाकावर जाऊन बसली. परभणीला उतरल्यावर मी रिक्षावाल्याला मुलींचं होस्टेल म्हणाले. ती म्हणाली, "न्हाई, आधी प्लॉटवर."

राहिलेल्या दोन वाफ्यांत गवत आता सोयाबीनच्याही वर गेलं होतं. ती कडेला उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे धरले आणि म्हणाली, "हं, सांगा."