वायू पुरण्याआधी

धायरीहून हडपसरला जाणाऱ्या बसमध्ये एकदा एक बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मांडीवर टॉवेल आणि त्यावर लाटण्यासारखा गोल काळा दगड. सिग्नलला बस थांबली की त्या दगडावर बाटलीतला पाण्याचा थेंब सोडत आणि तो मुरतो का, हे मान तिरकी करून बघत. न राहवून मी विचारलंच.

"कारखान्यांतला कार्बन डायऑक्साइड वायू अशा खडकात खोल पुरायचाय. तो वर येईल का, हे तपासणं माझं काम." त्यांनी मोबाइलवर जागेचा फोटो दाखवला. माळावर बोअरचं यंत्र उभं होतं, मागे कौलारू घरांचं गाव.

"मग येईल?"

"सहसा नाही."

हे 'सहसा' मला खटकलं. "अहो, मग तुम्ही राहाल का तिथे?"

त्या हसल्या नाहीत. चष्मा पुसत खरोखर विचार केला आणि म्हणाल्या, "राहीन. पण वरच्या मजल्यावर. हा वायू हवेपेक्षा जड असतो. गळलाच तर खाली साठतो."

हडपसरला त्या दगड सांभाळत उतरल्या. उत्तर प्रामाणिक होतं, मला पटलंही. संध्याकाळी घरचा जिना चढताना मात्र फोटोतलं गाव आठवलं. तिथे एकाही घराला वरचा मजला नव्हता.