दोन ओळींची जागा

"बाई बोलून राह्यली एक, अन् खाली लिवलं दुसरंच," शेजारच्या काकू ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाल्या.

त्यांनी कानात बाबांच्या छोट्या व्हिडिओ प्लेयरचे इअरफोन घातले होते. एरवी ते खोक्यातच पडून असायचे, बाबांना त्यांचा काही उपयोग नव्हता. मी आत तांदूळ निवडत होते. समोरच्या खुर्चीवर बाबा ऊन खात बसले होते. काकूंचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं, पण काकूंचा चेहरा त्यांना दिसला होता.

घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात दगड फोडायच्या मशीनपाशी बाबांची सगळी नोकरी झाली. कान हळूहळू गेले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची थाप, मग आम्ही. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि आमच्या घरात ओरडलं की सगळी गल्ली ऐकते. मला तर चंद्रपूरच्या इंग्रजी शाळेत हजेरीला उत्तर देतानाही घाम फुटायचा. म्हणून मी त्यांच्यासाठी एक वही केली होती. "जेवायला या", "पेन्शनचा कागद आला", असं त्यात लिहून पुढे धरायचे. आईला लिहिता येत नव्हतं. ती ओरडायची. पुढे पुढे तिचं तेही बंद झालं, आणि घर शांत झाल्याचं मला बरंच वाटलं होतं.

ताईच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आई गेली. त्याच हिवाळ्यात भाऊजींनी नागपूरहून बाबांसाठी तो प्लेयर आणला. पत्त्यांच्या कॅटाएवढा होता, त्यात सिनेमे दिसायचे. पण बाबांना दिसायची ती नुसती हलणारी तोंडं. मी तेव्हा एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. तिथल्या नेटवर शोधून शोधून सबटायटल टाकायला शिकले. त्या प्लेयरला अक्षरांची वेगळी फाइल समजत नसे, त्यामुळे अक्षरं चित्रातच कायमची बसवावी लागत. एकदा बसली की ती चित्राचाच भाग व्हायची, पुन्हा निघत नसत. मराठीच्या वेलांट्या आधी अक्षर सोडून भलतीकडेच पडायच्या. त्या जागेवर आणण्यात एक महिना गेला.

स्क्रीन एवढीशी होती. बाबांच्या डोळ्यांना दिसेल एवढं अक्षर केलं तर जेमतेम दोन ओळी मावत, ओळीत तीन-चार शब्द. त्यामुळे माणसं बोलतील ते सगळं लिहिता येत नसे. मी कापायला शिकले. आधी "अरे", "अगं" काढायचे, मग नावं, मग दोनदा म्हटलेलं एकदाच ठेवायचे. बाबांना कळत नव्हतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

मग एक दिवस बाबांनी ताईच्या लग्नाची सीडी माझ्यापुढे ठेवली. "तुह्या मायचं बोलनं टाक याच्यात," म्हणाले.

विहारातलं लग्न होतं. आई पांढऱ्या साडीत, शेजारी बाबा नव्या कोऱ्या सदऱ्यात. शूटिंगवाल्याने माइक पुढे केला आणि दोन शब्द बोला म्हणून आईला आग्रह केला. आई आधी लाजली. मग माइककडे बघत, हसत हसत म्हणाली, "काय बोलू? याइले आयकू येत नाई, तं मी बोलनंच सोडलं. एक हे पोरगी होती बोलाले, थे बी चालली. आता या घरात मी कोनासंग बोलू?" बाजूच्या बायका हसल्या. त्यांना हसताना पाहून बाबाही कॅमेऱ्याकडे बघून हसले.

तो तुकडा मी किती वेळा ऐकला, सांगता येणार नाही. लग्नानंतर त्या घरात आईबरोबर बाबा होते आणि मी होते. मला ऐकू येत होतं.

मी खाली लिहिलं: "आज मी खूश आहे. यांनी सगळं नीट केलं." दोन ओळींत बरोबर मावलं. जागाच नव्हती, असं स्वतःला सांगायची सोय झाली. पुढे ती सीडी चरे पडून बंद पडली, आणि कॉम्प्युटरवरची मूळ फाइल मी जागा करायला आधीच पुसून टाकली होती. आईचा तो चेहरा आता जगात एकाच ठिकाणी राहिला, आणि त्यावर माझी अक्षरं.

बाबा रोज ते बघायचे. चौकातल्या टपरीवर घेऊन जायचे. तिथे बसणारे त्यांचे जुने सोबती त्याच मशीनवरचे, सगळ्यांचेच कान गेलेले. ते आळीपाळीने स्क्रीन डोळ्यांजवळ धरून वाचायचे आणि बाबांच्या पाठीवर थाप मारायचे. "पाहा, मायी बाई काय बोलली," असं बाबा सगळ्यांना सांगत. त्या वर्षी ते दोन घास जास्त जेवू लागले होते.

आणि आता काकूंनी इअरफोन कानातून काढले, प्लेयर बाबांच्या मांडीवर ठेवला आणि भाजी टाकायची आहे असं काहीतरी पुटपुटत त्या उठल्या. पण गेल्या नाहीत, फाटकाशी रेंगाळल्या.

"थे काय म्हनून राह्यली?" बाबांनी मला विचारलं.

मी वही आणली. आवाज बारीक येतो असं म्हणत होत्या, इतकं लिहिलं की झालं असतं. पेन उघडलंही होतं. बाबांनी वहीवर पंजा ठेवला.

"लिहू नोको," ते म्हणाले. "तोंडानं सांग."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मी एकदा हळू बोलून पाहिलं, त्यांनी मान हलवली. काकू फाटकाशी होत्या, समोरच्या घरातली सून दारात आली होती. मी बाबांच्या कानाशी वाकले आणि घसा ताणून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आई म्हणाली, या घरात तिच्याशी बोलायला कोणीच नव्हतं. बाबा, मी होते ना घरात."