धुतलेल्या पिशव्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, जिला सगळं सांगते त्या मैत्रिणीलाही नाही. बोलायला बसले की खाडीबद्दल बोलते, जुईनगरच्या आमच्या सोसायटीच्या टाकीवरून तावातावाने भांडते — आणि हे एवढंच राहून जातं. आता तुम्हाला सांगते आहे. का, ते मलाही नीट माहीत नाही.

जमिनीखालचं पाणी कुठून कुठे जातं ते शोधणं हे माझं काम. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात बाटल्या भरायच्या, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि उन्हात उभं राहायचं. लोकांना वाटतं, मी हातावर नारळ ठेवून पाणी दाखवणारी बाई आहे. मी हसून सांगायचे, मी पाणी शोधत नाही, पाण्याचा माग काढते. हे वाक्य मला फार आवडायचं. हल्ली म्हणत नाही.

जासईच्या पुढे, कंटेनर यार्डांच्या मागे एक गाव आहे. तिथल्या हिराबाईंच्या अंगणातल्या विहिरीत बुडबुडे यायला लागले. त्यांच्या मुलाने, दिनेशने, बुडबुड्यांना काडी लावली तर ते भुरूभुरू पेटले. त्याने काढलेला व्हिडिओ गावभर फिरला. भिंतीपलीकडे एका कारखान्याचं आवार, त्याच्या जमिनीखालून गॅसची लाइन गेलेली. गाव म्हणालं, लाइन गळते आहे. कारखाना म्हणाला, ही भराव टाकलेली खाडी आहे, खाली चिखलात खारफुटी कुजते, तिचा वायू आहे. दोन्ही खरं असू शकत होतं. गावाने अर्ज केला आणि तपास आमच्या लहानशा संस्थेकडे आला — म्हणजे माझ्याकडे.

फरक काय पडतो, असं वाटेल तुम्हाला. चिखलातला वायू साधारण असतो तेवढाच राहतो. गळती वाढत जाते.

वायूचे नमुने तपासले, पण उत्तर धड इकडचं आलं नाही, धड तिकडचं नाही. मग सगळं रंगावर येऊन ठेपलं. पद्धत साधी आहे. आवारात लाइनशेजारी भोक पाडून त्यात रंग सोडायचा — हिरवा, निरुपद्रवी. आणि इकडे विहिरीत जाळीच्या छोट्या पिशव्या टांगायच्या, आत कोळशाचे दाणे. तिकडचं पाणी इकडे येत असेल, तर त्यातला डोळ्याला न दिसणारा रंगही कोळसा धरून ठेवतो. आणि ज्या वाटेने पाणी येतं, त्याच वाटेने गॅस येऊ शकतो. दोन आठवड्यांनी पिशव्या काढून प्रयोगशाळेत न्यायच्या.

पिशव्या टांगल्या की घरच्यांना बजावायचं असतं, यांना हात लावू नका. का लावायचा नाही तेही समजावायचं असतं. मी ते केलं नाही. हिराबाई भाकऱ्या थापत होत्या, मला परत निघायची घाई होती, वाटलं — विहिरीत कोण कशाला हात घालतंय? ऑफिसात बसून मात्र मी कागदावर 'सूचना दिली' यासमोर खूण केली. किती वेळ लागतो खूण करायला?

दोन आठवड्यांनी गेले तर अंगण सारवलेलं, विहिरीच्या कठड्याला हळदकुंकू. मी येणार म्हणून. हिराबाई मला मॅडम म्हणायच्या नाहीत, बाय म्हणायच्या.

"बाय, त्या पिशव्या पन धुतल्या बरं का," त्या म्हणाल्या. "कालच काढल्या, सोडा घालून घासल्या, उन्हात वालवल्या, सकाली परत बांधल्या. तुमची वस्तू अशी घानेरडी कशी द्यायची?"

हसू आलं ना? मलाही आलं होतं, क्षणभर. शेजाऱ्याचं भांडं रिकामं आणि न घासता परत पाठवायचं नाही, अशी ही माणसं. माझ्या पिशव्या म्हणजे त्यांच्या लेखी परत द्यायचं भांडंच होतं.

धुतलेल्या पिशवीला काही अर्थ उरत नाही. सोड्याच्या पाण्यात कोळसा रंग सोडतो, उरलासुरला ऊन खातं. चाचणी बाद करून पुन्हा करायची, एवढाच नियम. पण मग साहेबांना सांगावं लागलं असतं की मी सूचना दिलीच नव्हती, खूण खोटी आहे. नव्या मुलामुलींना हेच शिकवणारी मी. लाज वाटली. भीतीही वाटली. मी पिशव्या नेल्या, तपासल्या, काही निघालं नाही. अहवालात लिहिलं — रंग आढळला नाही, कारखान्याच्या आवाराशी विहिरीचा संबंध दिसत नाही.

इथवरचं मी कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. निष्काळजीपणा म्हणून. पण इथेच थांबले, तर ही अर्धीच कबुली होईल — आणि अर्धी कबुली म्हणजे तरी काय? चांगलं दिसायची आणखी एक धडपड.

कारण त्या दिवशी हिराबाई आणखी एक वाक्य बोलल्या होत्या. कठड्याशी वाकून दोरीची गाठ सोडवता सोडवता, सहज.

"पानी कसलं हिरवंगार निघालं म्हनून सांगू! घमेलंभर, सगलं अलवाला ओतलं. म्हटलं, किती हे शेवाल!"

शेवाळ नव्हतं ते. विहिरीवर अर्धी फळी आणि अर्ध्यावर पंपाची खोली, आत उजेड जेमतेम. दोन आठवड्यांत कोळशावर शेवाळ कुठून धरणार? मला तिथेच, त्याच क्षणी कळलं. उत्तर घमेल्यात उतरलं होतं आणि हिराबाईंनी ते अळवाला घातलं होतं. मी मान डोलावली. म्हटलं, हो, असतं शेवाळ. मग चहा प्यायले.

म्हणजे मला संशय नव्हता. मला ठाऊक होतं.

अहवाल गावात पोचल्यावर हिराबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "बाय, मी धुतल्यानं काय बिगडलं नाय ना?" मी म्हणाले, नाही हो. एवढ्यावर थांबायचं ना? पण मी पुढे म्हणाले, उलट स्वच्छ होत्या ते बरंच झालं. हे कशाला बोलले? अजून कळत नाही.

दिनेश पुन्हा अर्ज करायला निघाला होता. हिराबाईंनी त्याला अडवलं. चारचौघांत सांगितलं की पिशव्या आपण स्वतःच्या हाताने धुऊन दिल्यात, बाय शिकलेली आहे, ती खोटं कशाला सांगेल? माझ्या अहवालासाठी त्या गावाशी भांडल्या. अर्ज मागे पडला.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी हिराबाई पंप लावायला गेल्या. खोलीत गॅस कोंडला होता. बटण दाबलं आणि भडका उडाला. दोन्ही हात भाजले, चेहऱ्याची डावी बाजूही.

दिनेशचा फोन आला तेव्हा मी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होते. फोन ठेवला आणि उरलेल्या चिठ्ठ्या लावून संपवल्या. सरळ लावल्या, एकही तिरकी नाही. मग इस्पितळात गेले. रडू आलं नाही. तुम्हाला हे सांगतानाही येत नाही. आत एक जागा सुन्न झाली आहे, दाबून पाहिली तरी दुखत नाही.

हिराबाईंचे हात पट्ट्यांत होते. मला पाहून दिनेशला म्हणाल्या, "बायला खुर्ची दे." मग माझ्याकडे वळून, "तुमी नका वाईट वाटून घेऊ. चिखलाचा वायू, तो काय कोनाला सांगून येतो?" दिनेश उठला. त्याने खुर्ची दिली आणि मी बसले.

काही दिवसांनी कारखान्याने लाइन उकरून नवी टाकली. गावातल्या कुणीतरी विचारलं, तर त्यांनी माझा अहवाल पुढे केला. आता पुन्हा रंग सोडून उपयोग नाही, ती जुनी वाट बुजली. जे घडलं त्याला पुरावा एकच — मी ऐकलेलं ते वाक्य.

हिराबाईंची बोटं आता पुरती मिटत नाहीत. भाकऱ्या सून थापते.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. शेजारी नवीन राहायला आलेली बाई विहिरीबद्दल विचारत होती, भिंतीपलीकडून तर काही येत नाही ना, म्हणून. हिराबाई म्हणाल्या, "नाय गं, चिखलाचाच वायू हाय. ही बाय बसलीय ना, तिनंच तपासलंय." ती बाई माझ्याकडे पाहू लागली.

मी म्हणाले, हो.